उलट्या पागोट्यांनी राज्य बुडविले त्याची हकीकत

श्री. आठव देणारा तो, आठव नेणाराही तोच. त्याचे पायी मस्तक ठेवून वर्तमान लिहितो. शके एकोणीसशे बत्तीस, विकृतिनाम संवत्सरे. राज्य कोणते म्हणाल, तर रघुवीरराव नामे वृद्ध गृहस्थाचे मस्तक. विस्तार एका टोपीखाली मावेल इतका, परंतु कारभार थोर. चाकरीस प्रथिने नामे शिलेदार अगणित, आणि त्यांची चाल अशी की प्रत्येकाने पागोटे नेमल्या घडीचे बांधावे, मगच चौकीवर ओळख पटावी आणि काम मिळावे. राज्यात आरसा नाही; शेजाऱ्याचे डोके पाहून आपले बांधावे हीच वहिवाट. ऐसे असता एकाने घडी उलटी घातली. का घातली, देव जाणे. शेजाऱ्याने पाहून तैसीच घातली, आणि त्याचे पाहून तिसऱ्याने, आणि मग उलटे उलट्यांस चिकटोन भर वाटेत ठाण मांडून बसले, आणि झाडूवाले थकले होते त्यांच्याने ते हलेनात, आणि निरोप नेणारे जासूद अडले, आणि मग कालचे वर्तमान दरबारी पोहोचेना, मग मुलांची नावे पोहोचेनात, मग घराची वाटही. वैद्य या अरिष्टास अल्झायमर म्हणतात. मूळ दोष उलट्या घडीचा, की ती नुसती मागे उरलेली घाण, यावर पंडितांची झोंबाझोंबी अद्याप चालू आहे. चालो बापडी! राज्य बुडते ते बुडतेच.

रावांचे कुटुंब कुमुदिनीबाईसाहेब. त्या नित्य सकाळी चहा घेऊन येत आणि रावांचे कानाशी बसून जुन्या गोष्टी सांगत, आणि मनी आस एकच की एखादा जासूद गर्दीतून निसटावा आणि आत आपले नाव पोहोचवावे. जन्मभर ज्याशी भांडले, तोच समोर असता घरात भांडावयास कोणी नाही, याचे दुःख त्यांस फार होते.

एके दिवशी रावांनी कप खाली ठेविला आणि बाईसाहेबांकडे निरखून पाहिले. बाईसाहेबांचा जीव डोळ्यांत गोळा झाला. मग राव अदबीने म्हणाले, "बाई, तुम्ही रोज येता. तुम्हाला घरी कोणी नाही का?"

बाईसाहेब कप उचलीत म्हणाल्या, "आहेत की. पण हल्ली माझ्याशी बोलत नाहीत."

"अरेरे! मग इथंच येत जा. मीही एकटाच असतो."

"येईन हो," बाईसाहेब म्हणाल्या.

सारांश, राज्य गेले, राणीचे राणीपण गेले, आणि परक्या बाईस दरबारी येण्याची परवानगी मिळाली. ती त्यांनी मान लववून घेतली. घडले तैसे लिहिले. याहून अधिक लिहवत नाही.