आण्णांची गाडी माहेरी जाते

दर वर्षी नागपंचमी जवळ आली की आमच्या शेजारचे भूपालआण्णा आपली मोटार माहेरी पाठवतात.

तुम्ही बरोबर वाचलंत. मोटार, माहेरी. गॅरेजला नाही, सर्व्हिसिंगला नाही. गाडीचं माहेर सातारा जिल्ह्यात, कोरेगावला. तिथल्या जगताप सुभेदारांकडून आण्णांनी ती जुनी घेतली. पण 'घेतली' हा शब्द तुमचा-माझा. आण्णांच्या भाषेत त्यांनी ती 'करून आणली'. त्यामुळं सुभेदार त्यांचे व्याही, गाडी सुभेदारांची लेक आणि सांगली तिचं सासर. मी एकदा चुकून तिला 'सेकंडहँड' म्हणालो, तर आण्णा चहाचा कप खाली ठेवून उठले. "लोकाच्या लेकीबद्दल असं बोलत्यात व्हय रं दिलीप? तुझ्या घरात काय वळण हाय का न्हाई?" माझ्याच घरात बसून, माझाच चहा पिऊन हे ऐकवायचं. पण आण्णांच्या तोंडी लागणार कोण?

आण्णांचा सांगलीत हळदीचा व्यापार. जन्मभर हळद हाताळून बोटं जी पिवळी झालीत, ती आता कशानं निघत नाहीत. त्यामुळं गाडीचं स्टेअरिंग पिवळं, गिअरचा दांडा पिवळा, दारांच्या मुठी पिवळ्या. "आजून अंगाची हळद उतरली न्हाई गड्या," असं ते कौतुकानं सांगतात. गाडी छोटी, पांढरी, चार दारांची. कंपनीचं नाव मी सांगत नाही. ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला, उगाच कुणाच्या जखमेवरची खपली काढा कशाला? पुढची काच वर गेली की खाली येत नाही आणि मागची खाली आली की वर जात नाही. आण्णांच्या मते हा हट्टीपणा माहेरच्या लाडानं आलेला आहे.

सकाळी चालू व्हायच्या आधी ती बराच वेळ कण्हते, मग खोकते, मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा एक दणका देते. "बाईमाणूस हाय, आवरायला येळ लागणारच," आण्णा म्हणतात. माझ्या बायकोनं गजर लावणं कधीच सोडून दिलंय.

खरी करमणूक विम्याच्या वेळी. कुलकर्णी म्हणून एक विमा एजंट आहे, पापभीरू माणूस. पहिल्याच वर्षी तो बिचारा म्हणाला, "आण्णा, गाडी जुनी आहे, नुसता थर्ड पार्टी घेतला तरी चालेल."

"तिसरा माणूस कशाला मधी? मी आणि सुभेदार, दोघांत काय भांडण हाय का?"

"तसं नव्हे हो. तुमच्या गाडीनं दुसऱ्या कुणाला धडक दिली तर..."

"धडक?" आण्णा केवढ्यांदा तरी ओरडले. "आवं, आमी जैन मानसं. आमच्यात चिलट मारत न्हाईत."

त्याच्यापुढचं भांडण किमतीचं. जुनी गाडी म्हटल्यावर पॉलिसीत तिची किंमत दर साली कमी होत जाते, हे सगळ्या जगाला पटलंय. आण्णांना नाही. "औंदा परत कमी केलीस? सून म्हातारी झाली म्हणून तिची किंमत कमी व्हती व्हय? मग माझी काय लिवशील? फुकट?" कुलकर्णी म्हणाला, कंपनीचा तक्ता आहे, माझ्या हातात काही नाही. "मग तक्त्याला बोलावून आण हितं." शेवटी कुलकर्ण्यानं आण्णांच्या प्रतीवर कोपऱ्यात पेनानं 'अमूल्य' असं लिहून दिलं, तेव्हा कुठं सही झाली. आता तो दर वर्षी न सांगता लिहितो.

गाडीचं वय झालं म्हणून तिचं पुन्हा पासिंग करायची वेळ आली. त्याला आण्णा 'दाखवायचा कार्यक्रम' म्हणत. आदल्या दिवशी गाडी धुतली, पुसली, आतनं अत्तर लावलं. सोबतीला मला नेलं, कारण अशा कार्याला एकट्यानं जाऊ नये. तपासायला आलेल्या साहेबांनी दिवे बघितले, ब्रेक बघितले आणि म्हणाले, "हॉर्न वाजवा." आण्णांनी दाबला. आवाज नाही. पुन्हा दाबला. नाही. आण्णा दार उघडून मान बाहेर काढून अदबीनं म्हणाले, "मोठ्या मानसांपुढं ती तोंड उघडत न्हाई, साहेब." साहेब हसून हसून बेजार झाले, पण हॉर्न बसवून आणल्याशिवाय त्यांनी पास काही केली नाही.

आता पंचमीचा सोहळा ऐका. लेकीला माहेरी न्यायला माहेरचा माणूस येतो, तो मुराळी. इथं मुराळी म्हणून खुद्द सुभेदार कोरेगावहून रेल्वेनं सांगलीला येतात. उंच, ताठ, मिशीला पीळ, फौजेतली हिंदी अजून जिभेवर. आल्या आल्या बॉनेटवर थाप मारून विचारणार, "क्या व्याहीबुवा, कोई शिकायत?"

"शिकायत न्हाई, पर खाणं लय वाढलंय तिचं. पेट्रोल सोसत न्हाई."

"वयच हाय तिचं. खाऊ द्या."

दोन वयस्क, शहाणी, नातवंडं खेळवायच्या वयाची माणसं हे अगदी गंभीरपणे बोलतात. मग गाडीच्या काचेला कुंकू लागतं, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि मागच्या सीटवर आण्णांची बायको, म्हणजे आमच्या आक्का, पिशवी मांडीवर घेऊन बसतात. आक्का कशाला? तर लेकीला एकटी कशी पाठवायची, पाठराखीण नको का? सुभेदार गाडी हाकत कोरेगावला जातात. पंचमी उरकली की आण्णा रेल्वेनं जाऊन गाडी आणि पाठराखीण दोन्ही घेऊन येतात. येताना गिअरच्या दांड्यात हिरव्या बांगड्या अडकवलेल्या, बॉनेटवर हळदीकुंकू आणि डिकीत सुभेदारांच्या मळ्यातलं कांद्याचं पोतं. ऐन चातुर्मासात जैनाच्या दारात कांदे! आण्णा नाकाला रुमाल लावतात. "माहेरानं दिलेलं परत करू नये, दिलीप. तू घेऊन जा." तेव्हापासून मी या प्रथेच्या विरोधात फारसं बोलत नाही.

तर यंदा काय झालं, सुभेदार येणार त्याच्या आदल्या दिवशी गाडी बसली. सकाळी कण्हली, खोकली, पण दणका काही दिला नाही. मिस्त्री आला. त्यानं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसं हळूच लावून टाकलं. "आण्णा, इंजिन गेलं. सामान शोधाय लागंल. मिळालं तर मिळालं."

"आरं, उद्या मुराळी यायचाय!"

"मग त्यास्नीच ढकलाय सांगा," म्हणून मिस्त्री निघून गेला.

आण्णा इतके कासावीस झालेले मी कधी बघितले नव्हते. वाटेत गाडी बंद पडली तर उचलून न्यायची सोय त्यांनी विम्याबरोबर जादा पैसे भरून घेतली होती. त्याचा नंबर लावला. फोन मी धरला, आण्णा त्यात ओरडत होते.

"नमस्कार सर. आपलं वाहन कुठं बंद पडलं आहे?" पलीकडून एक गोड आवाज.

"दारात."

"कोणत्या रोडवर, सर?"

"आवं ताई, दारात! आमच्या!"

"ओके सर. कोणत्या गॅरेजला न्यायचं आहे?"

"माहेराला."

"माहेर... मोटर्स का सर? स्पेलिंग सांगता?"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी स्पेलिंग सांगितलं. ही माझी अक्कल.

"थँक यू सर. लोकेशन?"

"कोरेगाव, जिल्हा सातारा."

"सॉरी सर, ते आमच्या हद्दीच्या बाहेर आहे. आम्ही जवळच्याच गॅरेजला सोडतो. त्यांची सांगलीत एखादी शाखा नाहीये का?"

मला हसू आवरेना. आण्णा मात्र फोनच्या जवळ वाकून अगदी हळू म्हणाले, "माहेराला शाखा नसती, ताई." आणि त्यांचा आवाज फुटला. मी फोन बंद केला.

आण्णा पायरीवर बसले. मी शेजारी बसलो. म्हटलं, "आण्णा, एक वर्ष गाडी नाही गेली तर काय आभाळ कोसळतंय? सुभेदारांना कळवून टाका, येऊ नका म्हणून. गाडीला काय वाटणार आहे?"

"गाडीला काय वाटतंय रं?" आण्णा म्हणाले. "पत्र्याला कवा काय वाटलंय का?"

मी चाटच पडलो. इतक्या वर्षांत हा माणूस तिला पहिल्यांदा पत्रा म्हणत होता. त्यांनी मागं वळून बघितलं. आत आक्का देवघरात होत्या. मग ते खालच्या आवाजात सांगायला लागले.

आक्कांचं माहेर कुंडलचं. आईवडील गेले, मग एकुलता भाऊ गेला, भावजय लेकाकडं राहायला गेली आणि घर विकलं. आता तिथं फर्निचरचं दुकान आहे. "त्या साली पंचमीला गल्लीत घराघरात मुराळी आलं. कुणाचा भाऊ, कुणाचा भाचा. आमच्या दारात कोन येनार? ही दिवसभर तांदूळ निवडत बसली. निवडलेलंच परत निवडत हुती, दिलीप. मी बघितलं न्हाई असं दाखवलं."

पुढं गाडी बघायला म्हणून आण्णा कोरेगावला गेले, तेव्हा आक्का बरोबर होत्या. गाडी ताब्यात देताना सुभेदारांच्या मंडळींनी बॉनेटला कुंकू लावलं, दारात सवाष्ण आली म्हणून आक्कांचीही ओटी भरली आणि सहज म्हणाल्या, "वन्सं, पंचमीला या हं." नणंदेला म्हणतात तसं, वन्सं.

"येताना एक शब्द बोलली न्हाई ही. आणि कऱ्हाड आलं तशी पंचमीचं गाणं गुणगुणाय लागली. भाऊ गेल्यापासनं मी तिचं गाणं ऐकलं नव्हतं रं." आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "नुसतं जा म्हटलं असतं तर गेली असती व्हय ती? ना नात्याचं, ना गोत्याचं, लोकाच्या दारात कशाला जाऊ म्हनली असती. म्हणून गाडीचं माहेर काढलं. सुभेदारास्नी म्हटलं, लेकीला न्यायला या. येड्यात निघालो, निघालो. आता गाडीच बसली. आता कशाच्या निमतानं पाठवू तिला?"

इतकी वर्षं मी या माणसाच्या नकला करून माझ्या दुकानात गिऱ्हाइकांना हसवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार स्टेशनवरून रिक्षानं आले. आण्णा फाटकातच उभे, तोंड उतरलेलं. "व्याहीबुवा, औंदा लेक याची न्हाई. इंजिन बसलं."

सुभेदार गाडीजवळ गेले. बॉनेटवर हात ठेवला, पण थाप मारली नाही. "आराम करू दे तिला," म्हणाले. मग पायरीपाशी येऊन त्यांनी फौजी आवाजात हाक दिली, "ताई! आवरा बिगीबिगी. परतीची रेल्वे चुकंल!"

आक्का बाहेर आल्या. नवं लुगडं, हातात पिशवी. इतक्या लवकर कुणाचं आवरून होत नाही, त्या दारामागंच उभ्या असणार. "गाडी चालत न्हाई, तर मी कशाला येऊ?" असं म्हणाल्या खऱ्या, पण पिशवी काही खाली ठेवली नाही.

"गाडी न्यायला कोन आलंय? मी बहिणीला न्यायला आलोय. तिकडं भावजय तुमची झोका बांधून बसलीया कालधरनं. मी एकटा गेलो तर मला घरात घ्याची न्हाई."

आक्कांनी आण्णांकडं बघितलं. आण्णा गाडीच्या चाकाकडं बघत होते. आक्कांनी पदर डोळ्यांना लावला आणि एकदम खेकसल्या, "दिवस बुडायच्या आत जेवत चला. दुकानात बसून ऱ्हाऊ नका." मग तरातरा जाऊन रिक्षात बसल्या. सुभेदार मागोमाग चढले, पुन्हा खाली उतरले, आण्णांचा हात हातात धरला. "येतो दाजी," म्हणाले. इतक्या वर्षांचं व्याहीबुवा गेलं आणि बहिणीच्या नवऱ्याला म्हणतात ते दाजी आलं.

दुपारी कुलकर्णी आला. पॉलिसीचं नूतनीकरण होतं, आण्णांची सही घ्यायची होती. दारात गाडी बघून तो बुचकळ्यात पडला. "हे काय आण्णा? गाडी इथंच? मला वाटलं, माहेरी गेली असेल."

आण्णा फडक्यानं काच पुसत होते. ते थांबले. "येडा का खुळा रं तू? मोटार कवा माहेराला जाती व्हय?"

"मग कोण गेलं?"

आण्णा ताठ झाले, टोपी सारखी केली आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्यांदा म्हणाले, "बायको! बायको माहेराला गेलीया माझी!"