गिधाडांचा बंदोबस्त

"माझ्या कोंबड्यांच्या केसाला धक्का लावील असा पक्षी अजून जन्माला यायचाय!" असं मी नाश्ता करता करता बायकोला ठणकावून सांगितलं.

"कोंबड्यांना केस नसतात," ती म्हणाली आणि डबा उचलून शाळेत गेली. ती गणित शिकवते. तिच्यापुढे जरा अलंकारिक बोलायची सोय नाही!

ती जाऊन चार मिनिटं झाली असतील नसतील, परसातून एकच कल्ला! मी अनवाणीच धावलो. खुराड्यात सहा कोंबड्या एकमेकींच्या अंगावर चढून बसल्या होत्या आणि सातवी कोपऱ्यात आडवी. मान चावलेली. मी वर पाहिलं. समोरच्या पाण्याच्या टाकीवर एक गिधाड! डोक्याला टक्कल, खांदे वर काढलेले, नजर खाली. आमच्या ऑफिसात तपासणीला येणारे साहेब असेच दिसतात. म्हटलं, सापडला खुनी!

मेलेली कोंबडी मी कुंपणाजवळच्या कचऱ्याच्या ढिगावर टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पाच गिधाडं!

"बघितलंस?" मी बायकोला म्हणालो. "टोळी आहे टोळी! काल एकानं येऊन पाहणी केली, आज बाकीच्यांना घेऊन आला."

"अहो, गल्लीच्या टोकाला जनावरांचे डॉक्टर राहतात, त्यांना विचारा ना."

विचारलं. डॉक्टर एका शेळीच्या कानात औषध घालत होते. मी सगळी हकिकत सांगितली, वर खांदे उंचावून गिधाडाचा अभिनयही करून दाखवला. शेळी घाबरली. डॉक्टर नाही.

"गिधाड मेलेलं खातं हो," ते म्हणाले. "त्याचे पाय बघा, कोंबडीसारखेच, पंजात पकड नाही. धडधाकट कोंबडी धरून न्यायचं काम त्याचं नाही. मेलेली पुरलीत का?"

"पुरायची कशाला? टाकली ढिगावर."

"मग जेवायला तुम्हीच बोलावलंत की त्यांना! आणि मान चावली म्हणताय ना? मग वर नका बघू. खाली बघा, खुराड्याच्या बुडाशी."

मी मान डोलावली आणि मनातल्या मनात डॉक्टरांना नापास केलं. डोळ्यांदेखत आरोपी टाकीवर बसलेला असताना हा गृहस्थ मला बुडाशी बघायला सांगतो! शिकून माणसं अशी वाया जातात.

तिसऱ्या दिवशी आणखी एक कोंबडी गेली. तशीच मान चावलेली, तशीच आडवी. तिलाही मी ढिगावर टाकली आणि युद्ध पुकारलं.

योजना साधी होती. गिधाड मेलेलं खातं ना? मग आपणच मरायचं! म्हणजे परसात चटई टाकून निपचित पडायचं, उजव्या हाताशी काठी ठेवायची, आणि टोळी जवळ आली की एकेकाला असा दणका द्यायचा की सात पिढ्या शाकाहारी झाल्या पाहिजेत! ऑफिसला फोन करून सांगितलं, "पोटात भयंकर दुखतंय. वाचतो की नाही सांगता येत नाही." रजेचं कारण जरा जोरदारच द्यावं लागतं, नाहीतर साहेब दुपारून बोलावतात.

दहा वाजता मी चटईवर आडवा झालो. सव्वादहाला डोळे अर्धवट मिटले. साडेदहानंतरचं मला माहीत नाही.

पुढचं मला नंतर कळलं. गिधाडं खाली उतरली ती थेट कचऱ्याच्या ढिगाकडे. पण ढीग माझ्या पायांपासून चार हातांवर! शेजारच्या मावशी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांना अख्खी गल्ली भोंगामावशी म्हणते. त्यांनी खाली डोकावलं. मी उताणा, तोंड उघडं, काठी हातातून सुटलेली आणि भोवती पाच गिधाडं!

भोंगा वाजला. बायकोच्या शाळेत फोन, माझ्या मेव्हण्याला फोन, माझ्या ऑफिसात फोन. "गेले हो! गिधाडं बसलीत हो!" आणि ऑफिसात कुणी शंकाच घेतली नाही. "सकाळीच म्हणाले होते," साहेब म्हणाले म्हणे, "वाचतो की नाही सांगता येत नाही."

मला जाग आली ती हुंदक्यांनी. डोळे उघडणार तेवढ्यात माझे पाय धरून बसलेल्या मेव्हण्याचा आवाज आला, "माणूस सोन्यासारखा होता!"

हा मेव्हणा माझ्याशी दोन वर्षं धड बोललेला नाही. मी डोळे मिटूनच ठेवले. म्हटलं, एवढं पुरतं ऐकून घ्यावं.

"त्यांच्या जाण्यानं जी पोकळी झाली ती भरून निघणार नाही," हे साहेब. "त्यांच्यासारखा कामसू माणूस मी पाहिला नाही!"

खरं सांगतो, मला भरून आलं. तसाच आणखी अर्धा तास पडून राहिलो असतो. पण खुराड्याकडे कोंबड्या ओरडायला लागल्या. मी एक डोळा किलकिला केला. सगळी मंडळी वर बघत होती, माणसांच्या गर्दीनं उडालेल्या गिधाडांना हातवारे करत होती. आणि खाली, खुराड्याच्या बुडाशी असलेल्या बिळातून एक मुंगूस माझ्या तुऱ्याच्या कोंबडीला शेपटीकडून ओढत होतं! सगळ्यांसमोर! भर दिवसा!

"मुंगूस!" मी ताडकन उठून ओरडलो.

मुंगसानं कोंबडी सोडली. मेव्हण्यानं मला सोडलं आणि कुंपणावरून उडी मारली. साहेब फुलांचं भलंमोठं चक्र हातात धरून मागे सरकले ते कचऱ्याच्या ढिगावर बसले, चक्र गळ्यात! भोंगामावशी गच्चीवरून ओरडल्या, "आता भूत झालं हो!"

तेवढ्यात बायको आली. चालत, छत्री मिटत, जराही न घाबरता.

"तू रडली नाहीस?" मी विचारलं. मनाला जरा लागलंच होतं.

"मावशी फोनवर म्हणाल्या, तोंड उघडं आहे. म्हटलं, झोपलेत. पाचवीचा तास संपवून आले."

डॉक्टर आले. त्यांनी तुऱ्याच्या कोंबडीला औषध लावलं, बिळात दगड ठोकले, खुराड्याभोवती जाळी जमिनीत हातभर गाडली आणि माझ्याकडून खड्डा खणवून घेऊन ढिगावरचं उरलंसुरलं पुरलं. "मी म्हणालो होतो" असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्याचाच जास्त त्रास झाला. दोन दिवसांत गिधाडं गेली. खायला काही नसेल तर बसून काय करतील बिचारी! पाच कोंबड्या मात्र मजेत आहेत.

मी सोमवारी ऑफिसात गेलो. माझ्या टेबलावर आवक विभागातला, केसांना तेल चोपडणारा कारकून बसला होता. माझ्या कपात चहा पीत!

"हे काय?" मी विचारलं.

"जागा रिकामी झाल्याचा आदेश निघालाय," तो म्हणाला. "परवा दुपारीच. सही, शिक्का, सगळं आहे."

मी साहेबांकडे गेलो. साहेबांनी मान वर केली नाही. कचऱ्याच्या ढिगापासून ते माझ्याकडे बघत नाहीत.

"आदेश असा तोंडी फिरत नाही," ते म्हणाले. "रीतसर अर्ज करा."

केला. "मी जिवंत असल्याने माझे टेबल परत मिळावे, ही विनंती." खाली तारीख आणि ठसठशीत सही.

संध्याकाळी अर्ज परत आला. वर साहेबांचा लाल शाईतला शेरा होता:

"कामकाज पाहता खात्री पटत नाही. पुरावा जोडावा."