साडेचार फुटांचा फुटपाथ

माझ्या मापात चूक काढणारा अजून जन्माला यायचाय! अठ्ठावीस वर्षं टेप गळ्यात आहे माझ्या. लग्नातला हार तासाभरात उतरला, टेप काही उतरला नाही. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत मी त्याची कंबर सांगतो, आणि ती ऐकून त्याचा चेहरा पडला तर तो माझा दोष नाही.

तर झालं काय, माझ्या टेलरिंगच्या दुकानाला लागून एक पब आहे. त्या पबवाल्याने फुटपाथवर सहा टेबलं मांडायची परवानगी मागितली आणि गल्लीत उभी फूट पडली. निम्मे म्हणाले, "वा, मोकळ्या हवेत बसू!" निम्मे म्हणाले, "मग आम्ही चालायचं कुठून, भिंतीवरून?"

मी एरवी असल्या भानगडीत पडत नाही, पण प्रश्न आईचा होता. तीन वर्षं ती चाकांच्या खुर्चीत आहे. दिवसभर दुकानामागच्या खोलीत एकटी असते. रोज पाच वाजता मी मशीन बंद करून तिला कोपऱ्यावरच्या बागेत नेतो, तेवढंच तिचं जग. टेबलं आली की तिची खुर्ची बसगाड्यांमध्ये उतरवायची का? माझं डोकंच फिरलं!

गल्लीच्या सभेत अध्यक्ष होते दातांचे डॉक्टर. ते म्हणाले, "नियम असा आहे की चालणाऱ्यांना पाच फूट मोकळे हवेत. मास्तर, फुटपाथ आहे किती रुंद?"

"मोजतो की! हा गेलो आणि हा आलो!"

मोजलं, दुकानाच्या वहीत टिपलं आणि परत येऊन जाहीर केलं, "साडेचार फूट!"

सभेत हाहाकार! पबवाला चाचरत म्हणाला, "मास्तर, मला जरा जास्त वाटतो हो."

"तुम्ही ग्लास भरा, मोजायचं माझ्यावर सोडा!"

डॉक्टर म्हणाले, "मास्तरांनी मोजलंय ना? विषय संपला." हरकतीच्या अर्जावर बासष्ट सह्या झाल्या. त्या रात्री मी छाती काढून जेवलो.

बुधवारी पाच वाजता नगरपालिकेच्या इंजिनिअर बाई पाहणीला आल्या. पबवाल्याने नमुन्यादाखल एक टेबल आणि खुर्च्या भिंतीलगत मांडल्या होत्या. अख्खी गल्ली जमलेली. मी इस्त्रीचा शर्ट घालून, आईची खुर्ची घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा!

बाईंनी टेप सोडला. "नऊ फूट."

"शक्यच नाही!" मी ओरडलो. "पुन्हा मोजा!"

पुन्हा मोजलं, तरी नऊच! गर्दीत कुजबुज सुरू झाली. बासष्ट जण माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी प्रत्येकाच्या पँटीचा एक पाय आखूड केलाय.

तेवढ्यात बायको दुकानातून वही घेऊन आली. काजं-बटणं तीच करते, तिला माझी वही पाठ आहे. "अहो, तुम्ही घडीचं माप लिहिलंत!"

आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. आम्ही कापड दुहेरी घडी घालून कापतो, म्हणून मी छाती चाळीस असली की वहीत वीस लिहितो. हाताला सवय! पण फुटपाथची घडी कोण घालणार?

मी हार मानणाऱ्यातला नाही. "मापं गेली खड्ड्यात! आईची खुर्ची जाते का ते बघा!" असं म्हणून मी खुर्ची जोरात ढकलली. टेबलाशेजारून ती सुळकन निघाली. लोणी कापावं तशी! मी रागाने आणखी ढकलली, पार माझ्या दुकानापुढे, आणि धाडकन आवाज झाला. कोट घातलेला एक पुतळा थेट डॉक्टरांच्या मिठीत!

बाईंनी विचारलं, "हा पुतळा कुणाचा?"

मी आकाशाकडे बघितलं.

"आणि हा बाक? हे इस्त्रीचं टेबल?" त्यांनी मोजलं. "सामान सात फूट, वाट दोन फूट. इथून ही खुर्ची रोज जाते कशी?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "जाते कुठली! हाच रोज इथे मला रस्त्यावर उतरवतो. बसगाड्या कानाजवळून जातात बाई! मी डोळे मिटून घेते."

गल्ली खदखदून हसली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षं मी रोज खुर्ची खाली उतरवत होतो आणि माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं!

"आई, अगं बोलली का नाहीस?"

"तू दमून येतोस रे. वर आणखी काय बोलायचं?" आणि मग हळूच म्हणाली, "आज बागेत नको. तिथे तू, मी आणि तो एक बाक. इथे माणसं आहेत. इथेच बसू?"

पबवाल्याने लगेच लिंबूसरबत आणलं. "आजी, हे पहिलं टेबल तुमचं!"

त्याला परवानगी मिळाली. मला मिळाली नोटीस, आठ दिवसांत सामान आत घ्यायची! मी त्याच संध्याकाळी घेतलं.

पबवाला मनाचा मोठा. त्याने सहाही टेबलांचे टेबलक्लॉथ मलाच शिवायला दिले. "झालं गेलं विसरा, मास्तर!" मला भरून आलं हो! तीनदा मोजलं, वहीत टिपलं, कापड सपाट पसरून कापलं आणि सुबक शिवून दिलं.

त्याने पहिला टेबलक्लॉथ अंथरला. अर्धं टेबल उघडं!

आता पबमध्ये त्यांचे रुमाल करून वापरतात. आई रोज पाच वाजता एक मांडीवर पसरते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवते, "माझ्या मुलानं शिवलाय. बघा, कसा अगदी मापात!"