लागलेली लाइन

आमच्या शेजारच्या कुमुदताईंची बेल वाजवली की आतून आवाज येतो, "होल्ड करा." मग आपण दारात होल्ड करायचं. आत कुकरची शिट्टी होते, नळ बंद होतो, चपला सरकतात, आणि दार उघडून त्या म्हणतात, "बोला, लाइन मिळाली."

एक नवा कुरिअरवाला या होल्डपायी दोनदा परत गेला. तिसऱ्यांदा टिकला बिचारा. त्यानं नाव विचारलं, तर म्हणाल्या, "कुमुद. क कमळाचा, म मगरीचा, द दगडाचा." त्यानं खरंच कमळ, मगर, दगड असं लिहून घेतलं असेल, असा त्याचा चेहरा झाला होता.

कुमुदताई उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. त्या काळी निफाडच्या माणसाला मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल लावायचा आणि मधे कुमुदताई. रिटायर होऊन जमाना झाला, पण कानावरचा हेडफोन काही उतरला नाही. भाजीवालीला सांगतील, "पाव किलो भेंडी. परत सांगते, भेंडी, पाव किलो." आणि गप्पा रंगात आल्या की मधेच घड्याळाकडे बघून, ट्रंक कॉलवर विचारायच्या तसं, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" पहिल्यांदा मला हे म्हणाल्या तेव्हा मी रागावून उठलेच होते. नंतर कळलं, त्या वाढवतातच. फक्त विचारल्याशिवाय वाढवत नाहीत.

तर आमच्या भागातल्या केबल चॅनेलवर दरवर्षी एक कार्यक्रम होतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लाइव्ह. कर्णबधिर मुलांच्या शाळेसाठी लोकांनी फोन करायचे आणि कानाची मशीनं द्यायची. चॅनेलचा मालक महेश त्याला टेलेथॉन म्हणतो. कुमुदताईंना वाटलं, पोराला नीट बोलता येत नाही. त्यांनी परस्पर पेंटरला सांगून बॅनरवर 'भव्य टेलिफोन' असं करून घेतलं. महेशनं कपाळाला हात लावला, पण गंमत बघा, लोकांना तेच कळलं. तेव्हापासून आमच्याकडे भव्य टेलिफोनच होतो. फोनच्या टेबलावर कुमुदताई मुख्य आणि मी त्यांच्या हाताखाली. "वसुधा, आधी त्यांना बोलू दे. आणि फोन आपण आधी ठेवायचा नाही," हे मला दरवर्षी नव्यानं सांगतात.

यंदा दुपारपर्यंत झकास चाललं होतं. नऊ मशीनं राहिली होती. यादीत शेवटचं नाव आराध्याचं, विंचूरची, चार वर्षांची. तिचे वडील कांदा मार्केटला हमाली करतात. तिला घेऊन ते सकाळपासून स्टुडिओत बसले होते. पोरगी सगळ्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि आपलेही ओठ हलवायची, आवाज नाही.

तेवढ्यात मोठी बातमी आली. सीमेवर काहीतरी पेटलं होतं. बाहेर कॅमेरावाला, चहावाला, सगळे आपापल्या मोबाइलवर तेच बघायला लागले. महेश धावत आला. "मावशी, आवरा. सगळा देश बातम्यांसमोर बसलाय आणि आपण मशीनं मागायची? बरं दिसत नाही. लोक शिव्या घालतील."

खरं सांगते, मला महेशचं पटत होतं. मी तर चष्मा पर्समध्ये टाकलासुद्धा. अशा वेळी हसऱ्या तोंडानं टीव्हीवर बसायची मलाच लाज वाटत होती.

कुमुदताई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, तुझा माणूस आहे का तिथं? नाही. मग तू दाखवणार काय? महेश म्हणाला, मोठी चॅनेलं दाखवतायत तेच. "म्हणजे लोक आत्ता बघतायत तेच त्यांना परत दाखवणार. उद्या आपल्या नाशकात सायरन वाजायची वेळ आली, तर तुझी वायर मी स्वतः काढीन आणि सूचना वाचीन. पण आत्ता ही लाइन लागलेली आहे, महेश. लागलेली लाइन ऑपरेटरनं तोडायची नसते."

आराध्याचे वडील उठून जवळ आले. त्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं, पण कळलं होतं. "बंद होनार का ताई? मग आमचं पुढल्या साली का? शाळंच्या मॅडम म्हनल्या, बोलनं शिकायचं वय निघून चाललंय."

महेश काही दगड नव्हे. म्हणाला, अर्धा तास देतो. फोन आले तर चालू ठेवू, नाहीतर बंद.

आणि फोन यायचेच थांबले की हो. दहा मिनिटं नुसते एकमेकींकडे बघत बसलो. मग एक आला तो शिव्या घालायलाच. नाशिकरोडचे कुणी गृहस्थ. जनाची नाही तर मनाची तरी, वगैरे. कुमुदताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तक्रार नोंदवली. आणखी काही?" गृहस्थांनीच फोन आपटला.

पंचविसाव्या मिनिटाला माझ्यासमोरचा वाजला. तरुण बाई, देवळाली कॅम्पहून. आवाज अगदी बारीक. "मावशी, माझे मिस्टर तिकडेच आहेत, सीमेवर. बाहेरच्या खोलीत सासरे बातम्या लावून बसलेत, मला ऐकवत नाही. मी आत मोबाइलवर तुमचं बघतेय. तेवढं बंद नका ना करू."

मी रिसीव्हर कुमुदताईंकडे दिला. त्यांनी तिला धीर धर, देव आहे, असलं एक अक्षर म्हटलं नाही. मशीन पहिल्यांदा लावल्यावर मुलं कशी दचकतात ते सांगायला लागल्या. गेल्या वर्षी एक मुलगा स्वतःच्या चपलेचा आवाज ऐकून मागे वळून वळून बघत होता, ते सांगितलं. पलीकडून हसल्यासारखं काहीतरी आलं.

महेश घड्याळ बघत आला होता. कोण बोलतंय ते मी कानात सांगितलं तसे त्याचे डोळे चमकले. शेवटी टीव्हीवाला तो. हळूच म्हणाला, "मावशी, हे लाइव्ह घेऊ. सगळं नाशिक रडेल."

कुमुदताईंनी रिसीव्हरवर तळहात ठेवला. "ऑपरेटर ऐकते, सांगत नाही."

महेश कॅमेरावाल्याला मोबाइल खिशात घालायला सांगून निघून गेला. अर्ध्या तासाचा विषय कुणी परत काढला नाही. (मी आता हे सांगतेय खरं, पण मी काही ऑपरेटर नव्हते. आणि त्या मुलीचे मिस्टर सुखरूप आहेत, तिनंच कळवलं.)

चार वाजल्यानंतर फोन सुरू झाले. बातम्यांतली तीच तीच आरडाओरड ऐकून लोकही थकले असतील. एकेक मशीन मिळत गेलं. कार्यक्रम संपायला आला आणि एकच राहिलं, आराध्याचं. तेव्हा नाशिकरोडच्या त्याच गृहस्थांचा फोन आला. "अजून चालूच आहे का तुमचं?"

"चालू आहे."

"किती राहिली?"

"एक."

"लिहा मग," असं खेकसून नाव न सांगताच त्यांनी ठेवला. नंतर कुमुदताईंनी नंबर शोधून त्यांच्याकडून मगरीच्या म पासून पूर्ण नाव काढलंच.

आराध्याला मशीन लागलं. शाळेच्या मॅडमनी सांगितलं, तिला रोज थोडं फोनवर ऐकायची सवय करा. घरातलं माणूस नको, तोंड दिसत नाही असं कुणीतरी हवं. वडिलांनी कुमुदताईंचा घरचा नंबर मागितला.

त्यानंतर दोनच दिवसांनी संध्याकाळी मी वाटीभर शिरा घेऊन गेले होते. कुमुदताई खुर्ची ओढून फोनपाशी बसलेल्या, केस नीट विंचरलेले, इस्त्रीची साडी. आणि फोन वाजला. मोठा, जुन्या धाटणीचा आवाज. मी दचकलेच. सोळा वर्षं आमची भिंतीला भिंत आहे. या घरातला फोन वाजताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

दुसऱ्यांदा वाजला. तिसऱ्यांदा. कुमुदताई नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, अहो, आराध्याचा असेल, उचला की.

"उचलते गं," त्या म्हणाल्या. "जरा वाजू दे."