दुपारचं खरबूज

आमच्या लियाँ शहरात बाजारात गेल्यावर काय हवं ते सांगून भागत नाही, कधी खाणार ते सांगावं लागतं. "आज दुपारी" म्हटलं की फळवाला खरबुजाच्या देठापाशी अंगठा दाबतो, डोळे मिटतो, दोन-चार फळं नाकारतो आणि नेमकं दुपारी पिकणारं हातात ठेवतो. "उद्या" म्हटलं तर दुसरं फळ. "बघू कधीतरी" म्हणणाऱ्याला कोणी फळच देत नाही, आणि ते योग्यच आहे.

पण नागरिक खोटं बोलू लागले. दुपारचं म्हणून नेलेलं चीज मंगळवारी उघडायचे आणि वास आला की दुकानदाराच्या नावाने शंख करायचे. तेव्हा नगरपालिकेने पक्वता खातं उघडलं. नियम एकच: दिलेल्या वेळी खाल्लंच पाहिजे. सदर खात्याचा मी निरीक्षक. मला शिट्टी, घड्याळ आणि रुमाल मिळालेला आहे. रुमाल रोज खराब होतो, याची नोंद घ्यावी.

त्या रविवारी सोन नदीकाठच्या बाजारात मला ल्युसियँ फोर्नेरो दिसले. निवृत्त ट्रामचालक, विधुर आणि अट्टल खवय्ये. अख्खा हिवाळा त्यांनी गल्लीतल्या सोलांज मादामच्या पिशव्या तिसऱ्या मजल्यावर पोचवल्या होत्या, तेव्हा कुठे आज साडेबाराला जेवायचं बोलावणं आलं होतं. "फक्त चीज आणा," मादाम म्हणाल्या होत्या. मादामच्या टेबलावर जो दुसऱ्यांदा वाढून घेत नाही तो तिथे पुन्हा दिसत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"कधी खाणार?" चीजवाल्या जिनेतने विचारलं.

"आज. साडेबाराला."

"मादामकडे वाटतं? अहो राजे, लाजताय काय! कान बघा कसे लालबुंद झालेत!" तिने एक चीज अंगठ्याने दाबलं. "हे घ्या. साडेबाराला वितळायला लागेल. पाऊण वाजता मात्र धरू म्हटलं तरी धरता येणार नाही."

इथून फोर्नेरोंनी तडक निघायला हवं होतं. पण खरबुजांचा ढीग आडवा आला. "कधी खाणार?" आता उद्याचं खरबूज म्हणजे दगड, हे कुठल्या खवय्याला ठाऊक नाही? ते म्हणाले, "आज दुपारी." मग पीच, दुपारी. अंजीर, दुपारी. कालवांच्या बाबतीत तर विचारायचीही सोय नव्हती; ती त्याच दिवशी खायची. त्यांची टोपली इतकी पिकली होती की गांधीलमाश्या शिस्तीत मागून चालत होत्या. मीही चालत होतो.

ऑलिव्हवाल्याकडे ते चाखून बघत असतानाच चर्चमध्ये बाराचे टोले पडले. मी शिट्टी वाजवली.

"मस्यू, दुपार झाली."

"अहो, जेवायलाच निघालोय की!"

"खात्याच्या व्याख्येप्रमाणे दुपार म्हणजे बारा. चीजला साडेबारापर्यंत सवलत आहे. बाकीचं इथेच."

"आणि नाही खाल्लं तर?"

"वर्षभर सगळ्या बाजारांत तुम्हाला फक्त उद्याचं फळ मिळेल."

फोर्नेरोंचा चेहरा पांढराफटक पडला. ते नदीच्या पायऱ्यांवर बसले आणि त्यांनी पहिलं कालव उघडलं.

मग काय, जत्राच जमली. "नुसती कालवं? माणूस आहे का कोण!" म्हणत एका बाईने पाव आणून दिला. पावाबरोबर लोणी आलं, लोण्यामागून पांढरी वाइन आली. खरबूज आधी की कालवं आधी, यावर दोन म्हाताऱ्यांची कॉलर पकडण्यापर्यंत मजल गेली. पीचचा रस कोपरापर्यंत ओघळला. फोर्नेरो एकीकडे रडत होते आणि एकीकडे "वा! वा!" म्हणत होते, कारण सगळंच अगदी वेळेवर पिकलेलं होतं. शेवटचं अंजीर गेलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. मलाही भरून आलं.

मग आम्ही पळालो. चीज वितळायला लागलं होतं आणि ते तोंडात जाण्याची वेळ तपासणं माझं कर्तव्य होतं. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं आणि आतून भाजलेल्या कोंबडीचा, लोण्यात परतलेल्या अळंब्यांचा वास आला. फोर्नेरो कसेबसे टेबलाशी बसले, मी दाराशी उभा राहिलो.

"पहिला घास कसा लागला?" मादामनी विचारलं.

तो घास त्यांच्या गालात तसाच बसला होता.

मादामनी काटा खाली ठेवला. "ल्युसियँ, तुम्ही बाहेर खाऊन आलात."

"सोलांज, ऐका तरी..."

"काय खाल्लंत?"

"कालवं. थोडीशी."

"आणि?"

"खरबूज." त्यांनी मान खाली घातली. "अंजीरही."

"मी पहाटेपासून चुलीपाशी उभी आहे," मादाम म्हणाल्या, आणि त्या माझ्याकडे वळल्या. "आणि हे कोण?"

"निरीक्षक," मी म्हणालो.

"जेवलात?"

शासकीय सेवकाने खोटं बोलू नये. मी बसलो. मी कोंबडी दोनदा घेतली, अळंब्या तीनदा, आणि फोर्नेरोंचं चीज पावाने पुसून संपवलं, कारण पाऊण वाजत आला होता. फोर्नेरो रिकामी टोपली घेऊन जिना उतरले. मादाम मला म्हणाल्या, "पुढच्या रविवारी येणार ना?" मी वेळ सांगितली. दिलेली वेळ मी पाळतो.

तुम्ही हसताय. खुशाल हसा. आमच्या खात्याची हद्द आता बरीच वाढली आहे. तुमच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, "आजच करते" म्हणून आणलेली ती मेथीची जुडी कधीपासून पडून आहे, ते मी इथे सगळ्यांदेखत विचारत नाही. फक्त घराचं दार उघडा. मी जेवून आलेलो नाही.