लाल ठिपक्याचं कासव

लमदुआनकाकूंनी पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या टाकीत हात घालून एका माशाचा कल्ला उघडायला घेतला, तेव्हाच दुकानदार कमथोनच्या लक्षात आलं की आजची सकाळ काही धड जायची नाही.

"काकू, काकू! जिवंत आहे तो!"

"ते दिसतंय मला. कल्ले लाल आहेत का ते बघत्ये."

"अहो, खायचा नाहीये तो!"

काकूंनी मासा सोडला, पण चेहऱ्यावरचा संशय काही सोडला नाही. त्यांची तरी काय चूक? अठ्ठावीस वर्षं त्या नखोन सवानच्या सरकारी इस्पितळात स्वयंपाकघराची मासळी पारखून घेत होत्या. शिळी मासळी खपवायला आलेले भलेभले त्यांनी दारातून परत पाठवले होते. पण त्यांच्या हाताखालून गेलेला एकूण एक मासा मेलेला होता. जिवंत जनावर विकत घ्यायचं कसं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

आणि घेणं तर भाग होतं. शुक्रवारी त्यांच्या यजमानांचं, प्रसर्टकाकांचं, हृदयाचं ऑपरेशन होतं. अशा वेळी आमच्याकडे, थायलंडात, माणसाच्या नावाने एखादा जीव देवळाच्या तळ्यात सोडतात. तो जगला की माणसाचं आयुष्य वाढतं. दोन वर्षांपूर्वी काकूंनी दिरासाठी सहा मासे नेले होते. त्यातले चार तळ्याशी पोचेपर्यंत उताणे झाले आणि आठवड्याभरात दीर शिडीवरून पडला. यंदा नवऱ्याच्या जिवाशी गाठ होती. जीव ठणठणीतच हवा, आणि दीर्घायुषी हवा.

ही गोष्ट मात्र काकूंनी कमथोनला सांगितली नाही. "घरात ठेवायला हवंय," एवढंच त्या म्हणाल्या. पुण्याचं नाव काढलं की हे लोक मरतुकडं जनावर दुप्पट भावाने गळ्यात मारतात, अशी त्यांची पक्की खात्री होती.

"हा मेलाय," काचेच्या पेटीतल्या इग्वानाकडे, त्या हातभर लांब सरड्याकडे, बोट दाखवत त्या म्हणाल्या.

"ऊन खातोय, काकू."

"दिव्याखाली? डोळे उघडे ठेवून?" असं म्हणत त्यांनी त्याला छत्रीच्या टोकाने ढोसलं. इग्वानाने शेपटीचा असा काही फटका मारला की छत्री थेट पोपटांच्या पिंजऱ्यावर जाऊन आदळली. पोपटांनी जो कलकलाट मांडला तो पुढचा अर्धा तास चालू होता.

शेवटी काकू कोपऱ्यातल्या एका लाकडी खोक्यापाशी थांबल्या. आत तळहाताएवढं, मातकट रंगाचं एक कासव कोबीचं पान खात होतं. खाणं चालू आहे, म्हणजे भूक आहे. काकूंनी ते उचललं. डोळे स्वच्छ. नाक कोरडं. पाठ दाबून पाहिली, टणक. वजन हातावर जोखलं. उलटं करून वासही घेतला.

"काकू, हे ना, जरा वेगळं..." कमथोनने सुरुवात केली.

"तुम्ही गप्प बसा."

"नाही, म्हणजे याला पाणी..."

"हे बघा, विकणारा बोलायला लागला की माल खोटा. अठ्ठावीस वर्षं बघितलंय मी. जे विचारायचंय ते मी कासवाला विचारीन."

कमथोन बिचारा एका कागदावर काहीतरी खरडू लागला. मग खोकं आणायला आत गेला, तेवढ्यात काकूंनी पर्समधून लाल नेलपॉलिशची बाटली काढली. नखांना त्यांनी ते जन्मात लावलं नव्हतं. मासळीवाला टोपली बदलायचा, म्हणून पारखलेल्या टोपलीवर खूण करायची त्यांची जुनी सवय. कासवाच्या पाठीवर, शेपटीच्या जरा वर, त्यांनी एक ठिपका दिला. खोकं हातात आल्यावर झाकण उघडून ठिपका तपासला आणि मगच पैसे दिले.

"त्यात एक कागद ठेवलाय, वाचा हं काकू," कमथोन मागून ओरडला.

"वाचते, वाचते." काकूंनी कागद घडी करून चपलेत घातला. चप्पल टाचेला लागत होती.

दुकानाशेजारीच वानपेनचं फुलांचं दुकान. तिथे काकूंनी कमळं आणि उदबत्त्या घेतल्या. वानपेनने खोक्यात डोकावून पाहिलं तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. "आमच्या ह्यांच्यासाठी गं. देवळाच्या तळ्यात सोडणारे. कमथोनला बोलू नकोस हं काही."

वानपेनला काही बोलू नकोस म्हणून सांगणारं माणूस आमच्या गल्लीत एकट्या काकूच. काकू वळणापलीकडे जाईपर्यंत ती दम धरून बसली, मग कमथोनच्या दारात जाऊन म्हणाली, "काय रे, नशीबवान आहे हो तुझं कासव. चाललं तळ्यात राहायला!"

कमथोनच्या हातातला माशांच्या खाण्याचा डबा खाली पडला.

इकडे काकूंनी तळ्याकाठी बसून उदबत्ती लावली, प्रसर्टकाकांचं नाव आणि जन्मतारीख लिहिलेली चिठ्ठी डोक्याला लावली, आणि डोळे मिटून म्हणाल्या, "याच्यासारखी तब्येत त्यांना दे. एवढंच मागणं आहे. भांडायला माणूस राहू दे मला." मग कासव अलगद पाण्यात सोडलं. ते सरळ तळाला गेलं.

"बघा, कशी डुबकी मारली!" काकू शेजारी झाडणाऱ्या भन्तेंना कौतुकाने म्हणाल्या. "निवडूनच आणलंय."

एवढ्यात फाटकातून एक स्कूटर भरधाव आत आली. तिच्यावरून कमथोनने उडी मारली, चपला भिरकावल्या आणि कपड्यांसकट तळ्यात घुसला.

काकूंना एका क्षणात सगळा उलगडा झाला. म्हणजे हा असा धंदा! एकच कासव विकायचं, सोडलं की मागून येऊन काढायचं, पुन्हा विकायचं!

"चोर! चोर! माझ्या नवऱ्याचं आयुष्य चोरतोय हो!"

भन्ते झाडू घेऊन धावले. कमथोन छातीभर पाण्यात बुडी मारून वर आला, की काकूंची छत्री त्याच्या डोक्यात बसे, की तो पुन्हा बुडी मारे. तिसऱ्या खेपेला तो कासव घेऊन वर आला.

"हा घ्या पुरावा! लाल ठिपका, माझा आहे!" काकू गरजल्या.

"ठिपका तुमचाच, काकू!" कमथोन धापा टाकत म्हणाला. "पण हे वाळवंटातलं कासव आहे! याला पोहता येत नाही! बुडतं ते!"

काकूंचा हात छत्रीसकट वरच राहिला. भन्तेंनी झाडूच्या दांड्याने तळ्याकाठचा फलक दाखवला. 'जमिनीवरची कासवं पाण्यात सोडू नयेत.' काकूंनी तो येताना पाहिला होता. वर्गणी मागत असतील म्हणून वाचला नव्हता.

कमथोनने कासवाचं डोकं खाली धरलं. नाकातून पाणी ठिबकलं. कासव हललं नाही. काकू मटकन पायरीवर बसल्या. "मीच मारलं हो त्यांना," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना रडूच फुटलं. एवढं पारखून, दाबून, वास घेऊन, आपल्याच हाताने!

बऱ्याच वेळाने कासवाने एक पाय ताणला. मग नाकातून एक बुडबुडा आला. मग डोळा उघडला आणि त्याने सगळ्यांत आधी काकूंकडे पाहिलं. ती नजर काही चांगली नव्हती.

"द्या इकडे, मी नेते," काकू म्हणाल्या.

"मुळीच नाही." कमथोन ओलाचिंब उभा राहिला. "घरी ऊन येतं का?"

"येतं. सकाळचं."

"हात दाखवा. फिनेलचा वास येतोय. धुवून यायचं. अंगणात गवत आहे? कुत्रं? खोटं बोलायचं नाही."

ज्यांनी भल्याभल्यांना दारातून परत पाठवलं, त्या काकू शाळेतल्या मुलीसारख्या हात पुढे करून उत्तरं देत उभ्या राहिल्या. शेवटी ठरलं की कासव दोन दिवस दुकानात दिव्याखाली राहील. नीट खायला लागलं, तर शनिवारी काकूंच्या घरी.

शुक्रवारी सकाळी ऑपरेशन थिएटरच्या दारातून नर्सने प्रसर्टकाकांना आत नेलं, आणि काकू फोन मांडीवर घेऊन बाकावर बसल्या. आत एक जीव दिव्याखाली, दुकानात एक जीव दिव्याखाली. दुपारपर्यंत त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही.

अडीचला फोन वाजला. "काकू, खाल्लं! जास्वंदीचं फूल, आख्खं!"

"तेच कासव ना? दुसरं नाही ना ठेवलंत? ठिपका बघा आधी!"

"आहे हो ठिपका!"

तेवढ्यात दार उघडलं आणि ढकलगाडी बाहेर आली. टोपी, मास्क, नळ्या, वर चादर. चेहरा काही धड दिसेना. "छान झालं ऑपरेशन," डॉक्टर म्हणाले. काकूंनी डॉक्टरांकडे नीट पाहून घेतलं. मग पायाकडची चादर बाजूला केली आणि उजव्या पायाची करंगळी हातात धरली. नखावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.

काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"काकू? हॅलो? काय झालं?" फोनमधून कमथोन ओरडत होता.

"काही नाही," काकू नाक पुसत म्हणाल्या. "आमचे हे. तेच आहेत."