वाणी घरी येईना

आमच्या शेजारच्या सबनीसांना काहीही सांगा, ते म्हणणार, "हे इजिप्तमध्ये होऊन गेलंय." मला एकदा पार्किंगचा चुकीचा दंड झाला, तर त्यांनी चार हजार वर्षांपूर्वीचा एक शेतकरी काढला. त्याचं गाढव कुणी लुबाडलं, तर दाद मागायला तो नऊ वेळा गेला म्हणे.

"तुम्ही किती वेळा गेलात, वहिनी?"

"एकदा."

"मग रडता काय?"

सबनीस पुलांचे इंजिनियर, एकटे राहत. नागपूर सोडून बोटीनं अमेरिकेला येताना पोर्ट सैद बंदरात त्यांनी इजिप्तच्या जुन्या गोष्टींचं एक फाटकं इंग्रजी पुस्तक घेतलं. त्या गोष्टी ते मराठीत सांगत आणि मनाला येईल तशा बदलत. त्यांचा फॅरो नागपुरी बोलायचा. "काहून बे, पिरॅमिड झाला का नाही?" न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे गावातली आमची मुलं त्यावर खूश. "काका, वन मोअर."

त्यांची लाडकी गोष्ट एका सरदाराची. राजा वारल्याचं ऐकताच तो देश सोडून पळतो. परमुलखात त्याचं उत्तम चालतं. गुरंढोरं, बायकामुलं, मान, सगळं. म्हातारपणी नव्या राजाचं पत्र येतं, "घरी ये." मग तो जातो.

"बट व्हाय डिड ही रन?" मुलं विचारत.

"ते त्यालाही सांगता यायचं नाही," सबनीस म्हणत.

वडील वारले तेव्हा सबनीस स्वतः तेराव्याला न थांबता बोट गाठायला निघाले होते. थोरल्या भावानं, दादांनी, तेव्हापासून अबोला धरला. हे त्यांनी मला दुकानात कांदे निवडताना सांगितलं.

"बोट काय तुमच्यासाठी थांबणार होती?" मी म्हटलं.

"पंधरा दिवसांनी दुसरी होती."

आम्ही घर घेतलं तेव्हा सत्यनारायण घातला. त्या काळी न्यू जर्सीत भटजी मिळणं मुश्कील. मिळाले होते त्यांना ऐनवेळी फ्लू झाला. पोथी वाचायला सबनीस बसले, कारण सोवळं त्यांच्याकडेच होतं. तीन अध्याय सुरळीत झाले. चौथ्यात, परदेशी गेलेला वाणी घरी निघायच्या वेळी, सबनीसांची नजर पोथीवरून उठली. वाण्यानं तिकडेच गुरं पाळली, तिकडच्या सरदाराची मुलगी केली, त्याचे केस पिकले. माणसं हात जोडून ऐकत होती. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मग सबनीस थांबले ते थांबलेच.

नागपूरहून आलेल्या माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अहो, वाणी घरी कधी येतो?"

"पत्र नाही आलं त्याला अजून."

कथा पुरी झाल्याशिवाय प्रसाद नाही. तीस माणसं बसलेली, शिरा गार होत चाललेला, आणि माझा धाकटा मोठ्यानं विचारतोय, "कॅन वी ईट नाऊ?" मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. 

"सबनीस," मी म्हटलं, "राजाला सवड नसेल. वाण्यालाच लिहू दे पत्र. शिरा गार होतोय."

 सबनीस खाली बघून म्हणाले, "वाण्यानं पत्र लिहिलं." पान शोधून त्यांनी पाच मिनिटांत वाण्याला घरी आणलं आणि पाचवा अध्यायही उरकला.

"आमच्या पोथीत पत्र नाही गं," सासूबाई मला म्हणाल्या.

"जुन्या पोथीत आहे," मी म्हटलं आणि शिरा वाढायला घेतला.

सोमवारी संध्याकाळी सबनीस दारात उभे. हातात विमानटपालाचा एरोग्राम, चिकटवून बंद केलेला. वर दादांचं नाव आणि पत्ता, सुवाच्य अक्षरात.

"वहिनी, तिकडे हल्ली पिन कोड लिहितात म्हणे. नागपूरच्या महाल भागाचा काय आहे?"

भारतात पिन कोड सुरू होऊन तेव्हा दहा वर्षं उलटून गेली होती. मी महालातच राहणाऱ्या नणंदेच्या पत्रावरून तो उतरवून दिला.